ओळखायचा राहिलेला खाऊ

आमच्या शाळेत एका मुलीचा खाऊ ओळखायचा राहिला. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा पंचविशीतली, नोकरीत नवी. आता केस पिकायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, आणि हजेरीला ‘हजर’ म्हणतानाच्या आवाजावरून कोणत्या पोरीचं घरी बिनसलंय ते कळतं. तेव्हा कळत नव्हतं, असं लिहिणार होते. पण कळत होतं.

आमच्याकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेला भुलाबाईची मूर्ती बसते, ती कोजागिरीला उठते. महिनाभर मुली तिची गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, आणि ज्या घरी गाणी झाली त्या घरचा खाऊ खातात. पण तो आयता मिळत नाही. झाकण लावलेला डबा मुलींच्या कानाशी हलवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते त्यांनी ओळखायचं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, गोड की तिखट? मग खुळखुळतंय का, घरंगळतंय का, नुसतं थपथप वाजतंय का, यावर कल्ला.

आमची शाळा मुलींची, गांधीबागेच्या मागच्या अंगाला. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी ही भुलाबाई वर्गावर्गात बसवायची पद्धत पाडली होती. शेवटचा तास गाण्यांचा. हजेरीच्या क्रमानं रोज एकीचा डबा. ओळखून झालं की झाकण उघडायचं, पहिला घास वर्गाच्या बाईंच्या हातावर, मग मुलींना. पहिला घास बाईंचा, ही रीत मोठ्या बाईंचीच. त्या म्हणायच्या, कोणाच्या घरचं कसं असेल याचा विचार मुलींच्या मनात यायच्या आत तुमच्या तोंडात गेलेलं असलं पाहिजे.

आता दुसरी रीत सांगते. ती बाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

शाळेच्या मागे पाण्याची टाकी होती. प्रार्थनेच्या आधी कधीमधी तिथं चौकीतले एक हवालदार येऊन उभे राहायचे. खाकी शर्टावर साधा सदरा चढवून यायचे, मुली घाबरू नयेत म्हणून. खाली खाकी पँट आणि ते बूट दिसायचेच, पण निदान प्रयत्न असायचा. याची सुरुवात माझ्या आधीची. एका बाईंनी गृहपाठ केला नाही म्हणून एका मुलीला बाकावर उभं केलं होतं आणि ती उभ्याउभ्या कोसळली. आदल्या संध्याकाळी तिच्या घरात चाकू निघाला होता आणि चौकीपर्यंत धावत जाऊन पोलीस तिनंच आणले होते. शाळेला त्याचा पत्ता नाही. हवालदार स्वतः होऊन मोठ्या बाईंना भेटायला आले. म्हणाले, घरात काय झालं ते आम्हाले ठाऊक असते, पोरगी दिवसभर तुमच्याजवळ असते, आणि तुमचं-आमचं बोलणंच नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, मग बोलत जाऊ.

बोलणं म्हणजे किती, तर एक वाक्य. माझा वर्ग टाकीला लागून, म्हणून निरोप माझ्याकडे यायचा. “बाई, सहावीतली ती लांब येणीची. आज सांभाळजा.” बस. काय झालं ते ते सांगायचे नाहीत, मी विचारायचं नाही. मी तो निरोप त्या वर्गाच्या बाईंना पोचवायचा. त्या दिवशी त्या मुलीचा गृहपाठ तपासायचा नाही, तिला उभं करायचं नाही, डोकं टेकून झोपली तर झोपू द्यायचं. हाताला काहीतरी काम द्यायचं, खडू मोडून पेटीत भरायचे, कुंडीला पाणी घालायचं. आणि मोठ्या बाईंचा सगळ्यात कडक नियम असा की, हे सगळं चाललंय ते वर्गाला कळता कामा नये. सवलत दिसली की ती शिक्षाच होते, असं त्या म्हणायच्या. तेव्हा मला ते वाक्य जरा भाषणातलं वाटलं होतं.

मला ती सकाळ आवडायची, हे कबूल करते. टाकीजवळ शेवाळ्याचा वास, एखादा कावळा नळाच्या तोटीवर, आणि ते हवालदार सायकलला टेकून. वयानं माझ्या वडिलांएवढे. वडील माझे लवकर गेले. ‘सांभाळजा’ म्हणताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत, टाकीकडे बघायचे. पण ते मलाच सांगताहेत, आणि मी सांभाळीन असं त्यांनी धरून चाललंय, याचा मला दिवसभर अभिमान असायचा.

आता ती मुलगी.

सातवीत, माझ्याच वर्गात. बडबडी. बाप कापड बाजारात हमाली करायचा, आई नरखेडकडच्या एका खेड्यातली. मागच्या भुलाबाईत तिचा डबा वर्गात गाजला होता. कितीही हलवला तरी आवाजच नाही. मुली म्हणाल्या, रिकामाच आणलास वं. ती म्हणाली, वजन तर बघा. गोड की तिखट, तर म्हणे सांगणार नाही. शेवटी हरल्या सगळ्या. उघडलं तर ज्वारीच्या लाह्या, तिखटमीठ लावून, इतक्या गच्च दाबून भरलेल्या की एकीलाही हलायला जागा नव्हती. दाबायची युक्ती आईची. ती आई वर्गाच्या दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. पोरीचा डबा कोणाला ओळखता येतो का ते बघायला मुद्दाम आलेली. तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिला पाहिलं ते तेवढं एकदाच. पदर हसू लपवायला आहे असं मला वाटलं होतं.

पुढच्या वर्षी, ती सातवीत असताना, पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. गावातला सगळा वाईटपणा घेऊन जा म्हणत लोक रस्त्यानं आरडाओरडा करत गेले. सुटीनंतर शाळा भरली तेव्हा हवालदार टाकीशी आले नाहीत, पुढच्या दारानं सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. अंगावर साधा सदरा नव्हता. मला बोलावून घेतलं. त्या मुलीची आई स्टोव्हवर जळून गेली होती. बाप कोठडीत होता. तो म्हणत होता भडका उडाला, शेजारी दुसरं काही म्हणत होते. मी काही विचारलं नव्हतं, तरी पहिल्यांदाच हवालदारांनी एक जास्तीचं वाक्य सांगितलं. “पोरगी तिथंच होती, बाई.”

नरखेडकडून आजी आली, आईची आई. तिचं म्हणणं पोरीला गावी घेऊन जाते. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे संत्र्याच्या बागेत तोडणी, आणि मग दोनेक वर्षांत कुठंतरी लग्न. हवालदार तिच्याशी किती वेळा बोलले कोण जाणे. शेवटी म्हातारी एवढ्यावर आली की, दिवाळीपर्यंत इथं राहीन, पोरगी शाळेत रमली तर पुढंही राहीन, नाही तर घेऊन जाईन. राहायची ती त्याच खोलीत. भाडं भरलेलं होतं आणि दुसरी जागा कोण देणार.

म्हणजे आमच्या हातात भुलाबाईचा तो एक महिना होता.

तेराव्यानंतर मुलगी शाळेत आली. केस कोणीतरी घट्ट बांधून दिलेले, घट्ट म्हणजे कपाळ ओढलं जाईल इतके. बोलत नव्हती. हजेरीला मान हलवायची. मी सगळे नियम पाळले, हे मला इथं लिहायचंय, कारण पुढचं लिहायचंय. मी तिला फळ्याशी बोलावलं नाही. खडूची पेटी दिली. एकदा ती भूगोलाच्या तासाला तास संपेपर्यंत झोपली, मी आवाज खाली करून शिकवलं. भुलाबाई बसली तेव्हा ती गोलात बसली पण टिपऱ्या तिनं मांडीवर आडव्या ठेवल्या. असे काही दिवस गेले. मग एकदा बघते तर एक टिपरी दुसरीवर हलकेच पडतेय, गाण्याच्या ठेक्यात. तोंड बंद, पण टिपरी वाजतेय. मी मान वळवली, नाहीतर तिला दिसलं असतं की मी बघतेय.

आणि एक दिवस घंटा झाल्यावर टेबलाशी येऊन उभी राहिली. परत आल्यापासून माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

“बाई, माझ्या डब्याची पाळी कधी?”

मी म्हटलं येईल आता, पितृपक्ष संपला की. ती हिशेब करत गेली.

मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी हवालदारांना सांगितलं. हवालदार दुसऱ्या सकाळी टाकीशी आले ते काही निरोप नसताना आले. “बोलली म्हणता?” असं दोनदा विचारलं. बोलली म्हटल्यावर उगाच नळाची तोटी आवळून बघितली आणि गेले.

मग कुजबुज सुरू झाली. कोणी उघड काही बोललं नाही, आपल्याकडे उघड कोण बोलतं. शिक्षकांच्या खोलीत एक बाई म्हणाल्या, तिचाही नंबर येईल ना गं? पुढं काही नाही, चहा ओतायला लागल्या. एका कापड दुकानदाराच्या बायकोनं मला फाटकाशी गाठलं. पोरीचं वाईट वाटतं म्हणाली, फार वाईट वाटतं, आमची तर सारखी तिच्याबद्दल बोलते. पण अपमृत्यूचं घर, त्यात पोलीस केस. त्या घरचं लेकरांना कसं द्यायचं, तुम्हीच सांगा. मी म्हणाले, तेरावं झालंय. ती म्हणाली, ते झालं हो, पण. आणि मी तो ‘पण’ तिथंच सोडून वर्गावर गेले. मोठ्या बाईंनाही जाऊन सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून सांगितलं नाही.

तिच्या पाळीच्या दिवशी सकाळी हवालदार हसतच आले. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं होतं.

“आज तिचा डबा आहे, बाई. आजीनं नाही केला, तिनंच केला. चौकीवरून जाऊन राहिली होती, म्हटलं दाखव मले. हलवू दे तरी जरासा. तर म्हणते, तुम्ही काहून? तुम्ही आमच्या वर्गात आहा का?” ते पुन्हा हसले. “पोलिसाले पण हात लावू दिला नाही पोट्टीनं. आज सांभाळजा.”

मी हो म्हटलं.

दिवसभर तो डबा तिच्या बाकाखाली होता. पितळेचा, कडीचा, मागच्या वर्षीचाच. घासून लख्ख केलेला. मी शिकवत होते आणि डोळा तिकडे जात होता. तिनंच केला. म्हणजे कशावर? त्या घरात स्टोव्ह एकच. पोलिसांनी नेला असेल का, की परत दिला असेल? त्या खोलीतच केलं असणार. त्याच कोपऱ्यात बसून, त्याच कढईत. आणि पहिला घास माझा.

आतापर्यंत कधी मनातल्या मनात आठवलं तर मी असंच म्हणत आले की आईबापांची तक्रार येईल म्हणून भ्याले. मुलींनी खायला नकार दिला असता तर तिला किती लागलं असतं, म्हणून तिला वाचवलं. हे दोन्ही खोटं नाही. पण खरं त्याच्या खाली आहे. मला ते तोंडात घालवत नव्हतं. दुपारपासून माझ्या नाकात स्टोव्हच्या मातीच्या तेलाचा वास होता. वर्गात कुठंच मातीचं तेल नव्हतं.

गाणी झाली. मुली सरसावून बसल्या. ती उठली. केस त्या दिवशी तिचे तिनंच बांधले असावेत, सैल होते. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

मी म्हणाले, “तू बस. तुला या वर्षी माफ आहे.”

आवाज माझा मऊ होता. फार मऊ. सगळ्या वर्गानं माना वळवून तिच्याकडे बघितलं. ती उभीच. तिला वाटलं मी विसरले.

“आणलाय, बाई,” ती म्हणाली.

मी म्हटलं, असू दे, तुला त्रास नको. आणि हजेरीतल्या पुढच्या मुलीला बोलावलं. तिची पाळी दुसऱ्या दिवशीची, पण कापड दुकानदाराची ती मुलगी, डबा एक दिवस आधीच घेऊन आलेली होती. आता वाटतं, घरून ठरवूनच पाठवली असेल. डबा हलवताच सगळ्या ओरडल्या, चिवडा! चिवडाच होता. पहिला घास मी घेतला.

ती केव्हा बसली ते मला दिसलं नाही. डबा मांडीवर टेकताना एकदा आतून आवाज झाला तेवढा आला. घंटा झाल्यावर ती डबा घेऊन गेली. दारातून जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला सुटल्यासारखं झालं.

दुसऱ्या सकाळी हवालदार टाकीशी माझ्या आधी येऊन उभे होते.

“मग? ओळखला का पोरींनी?”

मी म्हणाले, ओळखला. “लाह्या होत्या.”

कशी सुचली ती लाही, माहीत नाही. त्यांनी मान हलवली, म्हणाले, आईसारख्याच. खुश झाले. सायकल घेऊन निघाले. त्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी रोज तिच्या नावाशी जरा थांबायची, उगाच पेनाचं टोपण लावायची, काढायची.

मग एका सकाळी ते पुन्हा आले. म्हातारी तिला नरखेडच्या एसटीनं घेऊन गेली होती. दिवाळीपर्यंतही थांबली नाही. पोरगी म्हणे घरी गेल्यावर पुन्हा बोलेनाशी झाली, मग कशाला थांबायचं. जाताना दोघी चौकीवर आल्या होत्या. डबा तिनं हवालदारांना देऊन टाकला. आता उघडा म्हणाली, तुम्ही हलवून बघणार होते ना.

मी टाकीच्या शेवाळ्याकडे बघत होते. ते रागावतील, काहीतरी बोलतील, याची वाट बघत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

“लाह्या नव्हत्या, बाई,” ते म्हणाले.

बस, एवढंच. काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तीच तर आमची पद्धत होती.

त्यानंतर ते शाळेत यायचे, पण टाकीशी थांबायचे नाहीत. सरळ मोठ्या बाईंकडे जायचे. व्हरांड्यातून जाताना मला नमस्कार करायचे, तो पूर्वीसारखाच. मी बरीच वर्षं प्रार्थनेआधी टाकीजवळ जाऊन उभी राहत होते. हात धुवायला जाते असं स्वतःला सांगून. मग त्यांची बदली झाली. आमचा निरोप घ्यायला आले तेव्हा मी वर्गावर होते.

मोठ्या बाईंना मी सांगितलं नाही. त्यांना कळलं असणार. त्यांनी पुढच्या वर्षी फक्त एवढं केलं की भुलाबाईच्या महिन्यात शेवटच्या तासाला माझ्या वर्गात येऊन बसायला लागल्या.

एकदा निवडणुकीच्या ड्यूटीवर मला नरखेड तालुक्यात पाठवलं. एका खेड्यातल्या शाळेत आमचं मतदान केंद्र होतं, खिडकीतून संत्र्याच्या बागा दिसायच्या, विहिरीवरच्या पंपाचा आवाज दिवसभर. माझं काम बोटाला शाई लावायचं. तिच्या वयाची बाई आली की मी चेहऱ्याकडे बघायच्या आधी हाताकडे बघायची. डबा धरलेले ते दोन हात मला चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतात. कुठलेही हात तसे नव्हते, किंवा सगळेच तसे होते. काम करून करून सगळ्यांचे हात सारखे होतात. तिचं नाव सांगून विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलंही असतं, गाव जवळचंच होतं. पण मग तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं असतं.

पुढे मोठ्या बाईंच्या खुर्चीवर मीच बसले. पहिल्याच आठवड्यात चौकीत जाऊन आले. नवा हवालदार तरुण होता, त्याला ही रीत ठाऊक नव्हती, समजावून सांगावी लागली. तो आता येतो, टाकीशी थांबतो. निरोप घ्यायला मी एका नव्या बाईंना नेमलंय, चांगली मुलगी आहे. मुलींना ती सांभाळते. तिला मी भुलाबाईच्या आधी एकच गोष्ट सांगते की डबा कोणाच्याही घरचा असो, पहिला घास आपला, आणि तो चावायचा, नुसता तोंडाला लावायचा नाही. ती हो म्हणते. का, ते विचारत नाही. विचारलं असतं तर बहुतेक हे सगळं इथं लिहावं लागलं नसतं.

तो आवाज मात्र माझ्याकडे राहिला. मांडीवर डबा टेकतानाचा, एकदाच झालेला. घरात कोणी नसलं की मी कधीकधी पितळेच्या डब्यात काहीबाही घालून टेकवून बघते. फुटाण्यांचा फार मोकळा येतो. शेंगदाण्यांचा जड. तिळाच्या वड्यांचा जवळपास येतो, पण तो नाही. रेवड्या घातल्या, खोबऱ्याचे तुकडे घातले. एकदा संत्र्याच्या वाळलेल्या सालीसुद्धा घालून बघितल्या, तिच्या आईचं माहेर तिकडचं म्हणून.

मुली लगेच ओळखतात. त्या आधी विचारतात. गोड की तिखट, एवढं तरी मी तिला विचारायला हवं होतं.